वडस : एका नेत्रविकाराची नावे आणि त्यावरील शस्त्रक्रिया

भाषाशास्त्राच्या अध्यापकाने डोळ्यावरील एका शस्त्रक्रियेविषयी लिहावे, हे अनेकांस अनधिकार चेष्टेसारखे वाटण्याचा संभव आहे. म्हणून या लेखाचे प्रयोजन प्रारंभीच सांगणे उचित होईल. रोगाला लोक जे नाव देतात त्यात रोगाच्या दृश्य रूपाचे वर्णन तर असतेच; परंतु त्याचे पुढे काय होणार आणि त्यावर काय करावे, याविषयीची एक कल्पनाही त्यात दडलेली असते. ती कल्पना यथार्थ असेल तर नाव उपकारक ठरते. अयथार्थ असेल तर त्याची किंमत रोग्याला मोजावी लागते. मराठीत ज्याला वडस म्हणतात, त्या विकाराच्या बाबतीत ही गोष्ट विशेष स्पष्टपणे दिसते.

हा विषय प्रस्तुत लेखकाला सुचला तो ग्रंथांतून नव्हे, तर घरातून. लेखकाचे थोरले चुलते माण तालुक्यातील शेतकरी. सारा जन्म उन्हात आणि फुफाट्यात गेलेला. साठीच्या सुमारास त्यांच्या उजव्या डोळ्यात, नाकाकडच्या कोपऱ्यातून एक तांबूस पापुद्रा बुबुळाकडे सरकू लागला. गावात त्याला कोणी 'पडदा' म्हणे, कोणी 'मांस वाढलंय' म्हणे. डोळा दाखवून घ्यावा असे घरच्यांनी सुचविले की चुलत्यांचे उत्तर ठरलेले असे : "पडदा हाय, पिकला की काढू." त्यांनी चार वर्षे वाट पाहिली. अखेर तपासणी झाली तेव्हा पापुद्र्याचे टोक बाहुलीच्या कडेला जाऊन भिडले होते.

'पिकणे' हे क्रियापद मोतीबिंदूचे. भिंग पुरते गढूळ झाल्यावाचून मोतीबिंदू काढू नये, हा संकेत जुन्या शस्त्रक्रियेच्या काळात निराधार नव्हता. आज मोतीबिंदूच्या बाबतीतही तो कालबाह्य झाला आहे. परंतु मोतीबिंदू आणि वडस या दोहोंनाही बोलीत 'पडदा' हा एकच शब्द लागू होत असल्यामुळे एकाचे क्रियापद दुसऱ्याला चिकटले. वडस पिकत नाही, तो सरकतो. एका शब्दाच्या साहचर्याने चार वर्षे गेली, आणि तेवढ्यात बुबुळाचा स्वच्छ भाग उणावला.

वडस म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात पाहू. डोळ्याचा पांढरा भाग, म्हणजे श्वेतपटल, एका पातळ पारदर्शक आवरणाने झाकलेला असतो. त्यास नेत्रश्लेष्मला म्हणतात. बुबुळाच्या पुढचा काचेसारखा पारदर्शक भाग म्हणजे स्वच्छमंडल. वडसामध्ये नेत्रश्लेष्मलेची, रक्तवाहिन्या व तंतू यांनी युक्त अशी त्रिकोणाकृती घडी वाढते आणि तिचे टोक स्वच्छमंडलावर चढते. ही वाढ बहुतांशी नाकाच्या बाजूने होते. ती सौम्य असते, म्हणजे कर्करोगाच्या जातीची नसते. तथापि तिच्यामुळे डोळा लाल होतो, खुपतो, आणि स्वच्छमंडलाची वक्रता बिघडल्यामुळे दृष्टी अस्पष्ट होते. टोक बाहुलीसमोर आले तर प्रकाशाची वाटच अडते.

या विकाराचे प्रमुख कारण सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण होत, असे आता सर्वसाधारणपणे मानले जाते. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस सुमारे ३७ अंशांपर्यंतच्या पट्ट्यात तो अधिक आढळतो. शेतकरी, मच्छीमार आणि उन्हातान्हात राबणारे इतर लोक त्याला विशेषेकरून बळी पडतात. तो नाकाच्याच बाजूला का होतो, याचे एक मनोवेधक स्पष्टीकरण ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य कोरोनिओ यांनी १९९३ मध्ये मांडले. कानाच्या बाजूने डोळ्यात तिरका शिरणारा प्रकाश स्वच्छमंडलाच्या गोलाईमुळे वळतो आणि पलीकडच्या, म्हणजे नाकाकडील, कडेवर एकवटतो. तेथे त्याची तीव्रता सुमारे वीस पट होऊ शकते. ही कड म्हणजे काळे आणि पांढरे यांची सीमारेषा. तिचे महत्त्व पुढे येणारच आहे.

आता नावांकडे वळू. ग्रीक वैद्यांनी या वाढीला 'प्तेरिगिऑन' म्हटले. 'प्तेरिक्स' म्हणजे पंख, आणि 'प्तेरिगिऑन' म्हणजे लहानसा पंख. त्रिकोणी, शिरांनी भरलेला पापुद्रा पाहून माशीच्या पंखाची आठवण होणे स्वाभाविक आहे. आजच्या वैद्यकात रूढ असलेला 'टेरिजियम' हा शब्द त्याचाच लॅटिन अवतार होय. परंतु खुद्द रोमन लोकांनी मात्र आपला वेगळा शब्द योजला. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील लेखक सेल्सस या वाढीला 'उंग्विस', म्हणजे नख, म्हणतो आणि ग्रीक लोक तिला 'प्तेरिगिऑन' म्हणतात असेही नमूद करतो. अरबी वैद्यकात तिचे नाव 'झफरा'. तेही 'झुफ्र', म्हणजे नख, या शब्दाशी निगडित आहे. फारसीत 'नाखुना' हा शब्द आला आणि तो हिंदी-उर्दूत आजही प्रचारात आहे.

विद्यार्थ्यांनी येथे एक भेद ध्यानात घ्यावा. लॅटिन 'उंग्विस', फारसी 'नाखुन' आणि संस्कृत 'नख' हे शब्द मुळात एकाच इंडो-युरोपीय धातुकुळातील आहेत. अरबी 'झुफ्र' मात्र सेमिटिक कुळातला. त्याचा त्यांच्याशी ध्वनिसंबंध काहीच नाही. म्हणजे 'उंग्विस' ते 'झफरा' ते 'नाखुना' या मालिकेत समान आहे ती शब्दाची व्युत्पत्ती नव्हे, तर प्रतिमा. बोटाच्या कातडीतून नख जसे पुढे येते, तसा हा पापुद्रा कोपऱ्यातून पुढे येतो, ही ती प्रतिमा. शब्दांचे कूळ एक आणि कल्पनांचे कूळ दुसरे, हे तत्त्व दाखविण्यास इतके नेटके उदाहरण क्वचितच सापडेल.

संस्कृत परंपरेने या विकाराला 'अर्म' म्हटले. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्याच्या शुक्ल भागाचे अकरा रोग सांगितले असून त्यांपैकी पाच अर्मे आहेत : प्रस्तारी, शुक्ल, क्षतज, अधिमांस आणि स्नायू. ही पाचही आजच्या व्याख्येतील वडसच होत, असा आग्रह धरणे बरोबर होणार नाही. परंतु पसरट, फिकट, रक्तवर्ण, मांसल आणि तंतुमय असा जो भेद येथे केला आहे, तो डोळसपणे केला आहे यात संशय नाही. पंख आणि नख ही नावे आकार सांगतात. अर्माची उपनावे वाढीचा पोत आणि वर्ण सांगतात. १९९७ मध्ये सिंगापूरच्या टॅन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वडसाच्या ज्या तीन प्रती ठरविल्या, त्याही पोतावरच आधारलेल्या आहेत : खालच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात, अंधुक दिसतात की मांसलपणामुळे दिसतच नाहीत, हा त्यांचा निकष. मांसल वडस केवळ कापून काढला असता पुन्हा उगवण्याची शक्यता अधिक, असे त्यांना आढळले. पोत पाहून नाव देणे हे आकार पाहून नाव देण्यापेक्षा उपचाराला अधिक जवळचे असते, एवढे यावरून म्हणता येईल.

उत्तरतंत्राच्या पंधराव्या अध्यायात छेद्य, म्हणजे कापून बरे करावयाच्या, नेत्ररोगांचा विचार आहे. तेथे कोणते अर्म कापावे याचाही विवेक सांगितला आहे. पातळ, दह्यासारखे, धूसर असे अर्म औषधी अंजनाने हाताळावे. चामड्यासारखे जाड, स्नायू व मांस यांनी घट्ट झालेले आणि कृष्णमंडलावर पोचलेले अर्म मात्र छेद्यच समजावे. शस्त्रक्रियेचा क्रम साधारणतः असा आहे. रोग्याला स्निग्ध अन्न देऊन बसवावे. डोळ्यात सैंधवाचे चूर्ण घालून अर्म क्षुब्ध व सैल करावे. रोग्यास कानाकडच्या कोपऱ्याकडे पाहावयास सांगावे, म्हणजे नाकाकडची बाजू उघडी पडते. नंतर अर्माला जेथे वळी पडेल तेथे आकड्याने पकडावे, चिमट्याने किंवा सुई-दोऱ्याने उचलून धरावे, आणि मंडलाग्र नावाच्या गोल पात्याच्या शस्त्राने काळ्या व पांढऱ्या भागापासून सोडवीत कनीनकापर्यंत, म्हणजे नाकाकडच्या कोपऱ्यापर्यंत, आणून कापावे.

यानंतर येते ती सूचना सर्वांत मोलाची आहे. कनीनकाशी मांसाचा चौथा हिस्सा शिल्लक ठेवावा, म्हणजे डोळ्यास अपाय होत नाही. कनीनकच कापले गेले तर रक्तस्राव होतो व नाडीव्रण उद्भवतो. उलट छेद उणा पडला तर अर्म लवकरच पुन्हा वाढते. सेल्ससनेही आपल्या वैद्यकग्रंथाच्या सातव्या भागात आकडा, सुई आणि दोरा यांचाच उपयोग सांगून दुहेरी धोका दाखविला आहे : थोडे राहिले तर ते चिघळते, अधिक कापले तर कोपऱ्यातील मांस जाते आणि डोळा कायमचा पाझरत राहतो. परस्परांपासून इतक्या दूर असलेल्या दोन परंपरा एकाच पेचापाशी येऊन थांबल्या. हा पेच 'किती कापावे' या प्रश्नाच्या रूपाने मांडला गेला, आणि पुढील कित्येक शतके तो त्याच रूपात राहिला.

विसाव्या शतकात शस्त्रे सूक्ष्म झाली, भूल आली, परंतु प्रश्न तोच. १९४८ मध्ये ऑस्ट्रेलियातील डॉम्ब्रेन यांनी वर्णन केलेली पद्धत पुढे पुष्कळ रूढ झाली. तीत वाढ कापून काढल्यावर श्वेतपटलाचा तेवढा भाग उघडाच ठेवीत. भोवतालची नेत्रश्लेष्मला आपोआप पसरून तो झाकील, अशी अपेक्षा असे. क्रिया सोपी आणि थोड्या वेळाची होती. परंतु उघड्या जागेवर नेत्रश्लेष्मलेच्या आधी खालचे तंतू व रक्तवाहिन्याच धाव घेत, आणि वडस परत येई. या पद्धतीनंतर वडस पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण निरनिराळ्या अहवालांत सुमारे २४ ते ८९ टक्के इतके दिलेले आहे. शिवाय परतलेला वडस पहिल्यापेक्षा अधिक जाड, अधिक चिकट आणि काढण्यास अवघड असतो. त्याला रोखण्यासाठी किरणोत्सर्गी स्ट्रॉन्शियमचा उपयोग झाला. १९६३ मध्ये जपानमध्ये कुनितोमो व मोरी यांनी मायटोमायसिन या पेशीरोधक औषधाचा उपयोग सांगितला. दोहोंनीही पुनरुद्भव घटला. परंतु काही रोग्यांत वर्षांनंतर श्वेतपटल पातळ होऊन झिजल्याचे दिसून आले. औषधाचा उपयोग आजही होतो, पण जपून.

निर्णायक पालट झाला तो प्रश्नच बदलल्यामुळे. 'किती कापावे' याऐवजी 'कापलेल्या जागी काय ठेवावे' असा विचार सुरू झाला. १९८५ मध्ये अमेरिकेतील केन्यन, वॅगनर व हेटिंगर यांनी, त्याच रोग्याच्या डोळ्यातील निरोगी नेत्रश्लेष्मलेचा तुकडा घेऊन उघड्या जागेवर त्याचे रोपण केल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांनी हाताळलेले ५७ डोळे बहुशः वाढलेल्या अथवा परतलेल्या वडसाचे होते; त्यांपैकी केवळ तिघांत तो पुन्हा उद्भवला. पुढे ऑस्ट्रेलियातील हर्स्ट यांच्यासारख्या शल्यवैद्यांनी खालचे ऊतक अधिक विस्तृत प्रमाणात काढण्याचा पुरस्कार केला. परंतु त्यांनीही तितक्याच विस्तृत रोपणाने जागा झाकली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

रोपण गुणकारी का ठरते? सुश्रुताने डोळ्यातील जे सहा संधी सांगितले आहेत, त्यांत शुक्ल आणि कृष्ण यांचा एक संधी आहे. आजच्या शास्त्रानुसार स्वच्छमंडलाच्या पृष्ठभागाला सतत नव्या पेशी पुरविणाऱ्या मूलपेशी याच संधीत राहतात, आणि नेत्रश्लेष्मलेला स्वच्छमंडलावर चढू न देणारा बांधही हाच आहे. उन्हाच्या किरणांनी येथील पेशी बिघडल्या की बांध फुटतो व वडस आत शिरतो. रोपणाने हा बांध निरोगी ऊतकाच्या आधाराने पुन्हा घातला जातो. रोगी आपल्या वैद्याला हमखास विचारतात, "मुळासकट काढलं ना?" त्यांच्या मनात झाडाची प्रतिमा असते : शेंडा बुबुळावर आणि मूळ नाकाकडच्या कोपऱ्यात. वस्तुतः कोपऱ्यात खणणे हेच धोक्याचे आहे, असे दोन्ही प्राचीन ग्रंथकार बजावून गेले. मूळ म्हणावयाचे तर ते त्या सीमारेषेवर आहे. आणि ते उपटावयाचे नसून तेथली हानी भरून काढावयाची आहे.

आज ही शस्त्रक्रिया सामान्यतः कशी होते, ते पाहू. डोळ्यात बधिरतेचे थेंब घालून वाढीच्या खाली लिग्नोकेनची सूक्ष्म सुई देतात. संपूर्ण भूल बहुधा लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम वडसाचे शीर्ष स्वच्छमंडलावरून अलगद सोडवितात व तो भाग गुळगुळीत करतात. नंतर वडसाची काया आणि तिच्याखालील तंतुमय ऊतक काढतात. येथे डोळा नाकाकडे वळविणारा स्नायू अगदी जवळ असतो. त्यास इजा झाली तर एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात, म्हणून हात आवरता ठेवावा लागतो. काढलेला तुकडा तपासणीसाठी पाठविणे हितावह असते. कारण क्वचित पृष्ठभागावरील कर्करोगाची आरंभीची अवस्था वडसासारखी दिसते. त्यानंतर उघडी जागा मोजून, वरच्या पापणीआड झाकलेल्या भागातून तेवढाच किंवा किंचित मोठा नेत्रश्लेष्मलेचा पातळ तुकडा घेतात. तो भाग उन्हापासून जन्मभर सुरक्षित राहिलेला असतो. तुकड्याची संधीकडील कड संधीकडेच येईल अशा बेताने तो बसवितात. पूर्वी तो बारीक टाक्यांनी शिवीत. २००४ मध्ये स्वीडनमधील कोरान्यी व सहकाऱ्यांनी फायब्रिन या रक्त गोठण्याच्या क्रियेतील द्रव्याने तो चिकटविण्याची बिनटाक्यांची रीत वर्णिली. त्यामुळे वेळ वाचतो आणि नंतरची खुपखुप पुष्कळ कमी होते. जेथून तुकडा घेतला ती जागा आपोआप भरून येते.

साधारण अर्ध्या तासाचे हे काम. रोगी त्याच दिवशी घरी जातो. पहिले काही दिवस डोळा दुखतो, पाणी येते. स्टेरॉइडयुक्त थेंब काही आठवडे क्रमाक्रमाने कमी करीत घालावे लागतात, आणि त्या काळात डोळ्यातील दाब तपासून घ्यावा लागतो. पुनरुद्भव व्हावयाचा असला तर तो बहुधा पहिल्या वर्षातच होतो; म्हणून वर्षभर तपासणी चुकवू नये. प्रत्येक वडस कापलाच पाहिजे असेही नाही. लहान व स्थिर वडसाला अश्रूसदृश थेंब, उन्हाचा चष्मा, रुंद कडेची टोपी आणि ठरावीक काळाने मोजमाप एवढे पुरते. तो बाहुलीकडे सरकू लागला, दृष्टी बिघडवू लागला किंवा सतत दाहू लागला, म्हणजे शस्त्रक्रियेचा विचार करावयाचा. छेद्य कोणते आणि अंजनसाध्य कोणते, हा जुना विवेक येथे नव्या रूपात कायम आहे.

चुलत्यांची हकीकत पुरी करणे अवश्य आहे. त्यांच्या डोळ्यावरील पहिली शस्त्रक्रिया एका ठिकाणी झाली. तीत वडस नुसता काढून जागा उघडी ठेवण्यात आली. "पडदा काढला," एवढेच त्यांना सांगण्यात आले. पुन्हा येऊन दाखवावे लागेल, हे कोणी बोलले नाही. आणि जे 'काढले' ते परत येऊ शकते, ही शंका त्या क्रियापदामुळे त्यांच्याही मनात आली नाही. पाच महिन्यांनी तो पहिल्याहून जाड होऊन परतला. दुसऱ्या वेळी अन्यत्र रोपण झाले. तेथील डॉक्टर-बाईंनी कागदावर डोळा काढून दाखविला आणि म्हणाल्या, "बाबा, शेतात बांध फुटला की नुसतं गाळ काढून भागतं का? बांध घालावा लागतो. तुमच्याच डोळ्याची माती घेऊन आपण तो घालणार, आणि वर्षभर त्याच्यावर लक्ष ठेवणार." चुलते हे तत्काळ समजले. त्यांनी थेंब चुकविले नाहीत की तपासणी चुकविली नाही. वडस पुन्हा आला नाही. परंतु बाहुलीसमोर त्याचे टोक जेथे टेकले होते तेथे पांढुरका डाग राहिला, आणि चष्मा लावूनही त्या डोळ्याने त्यांना वर्तमानपत्रातील बारीक अक्षर लागत नाही. 'पिकण्याची' वाट पाहण्यात गेलेल्या चार वर्षांची ती खूण आहे.

यातून आपल्या अभ्यासविषयापुरता निष्कर्ष काढावयाचा तर तो असा. परिभाषा घडविताना आपण बहुधा नामांची काळजी वाहतो. टेरिजियमला प्रतिशब्द कोणता, अर्म घ्यावे की वडस, यावर वाद घालतो. नामांपैकी 'वडस' हा शब्द मराठीत आहे, त्यास मोतीबिंदूचा संसर्ग नाही, आणि तोच रुग्णालयाच्या फलकावर व केसपेपरावर चालवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु रोगी नामावरून जेवढे वागतो त्याहून अधिक तो क्रियापदावरून वागतो. वडस 'पिकतो' असे म्हटले तर तो थांबतो. 'सरकतो' असे म्हटले तर तो येऊन दाखवितो. वडस 'काढला' असे म्हटले तर तो निश्चिंत होतो. 'काढून जागा झाकली' असे म्हटले तर त्या जागेची काळजी घेतो. विभागातील ज्या विद्यार्थ्यांस आरोग्यविषयक मराठीचा अभ्यास करावयाचा असेल, त्यांनी शब्दसंग्रह करताना प्रत्येक रोगनामापुढे त्याच्याबरोबर लोकांच्या तोंडी येणारी क्रियापदेही टिपून ठेवावी. तशी एक वही माण तालुक्यात पूर्वीच कोणी केली असती, तर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा डोळा कदाचित पुरता वाचला असता.